साठी, बुद्धी आणि दोन पाय



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत ‘व्यायाम आणि वृद्धांची स्मरणशक्ती’ असा छापला आहे. तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म गेलेल्या माणसाला या विषयावर कशाला बोलावलं, असं काहींच्या मनात आलं असेल. मी डॉक्टर आहे, पण गोळ्या देणारा नव्हे. तेव्हा रोज किती चालावं आणि काय खावं हे ऐकायला जे आले असतील त्यांची थोडी निराशा होईल. मी सांगणार आहे तो एका प्रश्नाचा इतिहास. प्रश्न असा, की हातपाय हलवण्याचा आणि बुद्धी शाबूत राहण्याचा काही संबंध आहे का? या प्रश्नाला माणसाने वेगवेगळ्या काळी वेगवेगळी उत्तरं दिली, आणि प्रत्येक उत्तराचा परिणाम म्हाताऱ्या माणसांना कसं वागवलं गेलं यावर झाला.

आपल्या भाषेत एक म्हण आहे, साठी बुद्धी नाठी. साठ वर्षं झाली की बुद्धी पळाली. इथे बसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक त्या हिशेबाने बिनबुद्धीचेच आहेत, मी तर पंधरा वर्षांपासून. पण त्याच भाषेत आपण ‘आज डोकं चालत नाहीये’ असंही म्हणतो. डोक्याला पाय नसतात, तरी ते चालतं किंवा चालत नाही. ज्याने कोणी हा शब्दप्रयोग रूढ केला त्याला मेंदूविज्ञान ठाऊक नव्हतं. तरी बुद्धी ही ठेवीसारखी तिजोरीत पडून राहणारी वस्तू नसून ती चालण्यासारखी क्रिया आहे, एवढं त्याला कळलं होतं.

सुरुवात ग्रीसपासून करू. प्लेटोच्या ‘टिमायस’ नावाच्या संवादात एक सल्ला येतो. जो गणितात किंवा तशाच बौद्धिक कामात गढलेला असतो त्याने शरीरालाही व्यायाम द्यावा, आणि जो शरीर कमावतो त्याने मनाला खाद्य द्यावं. दोघांपैकी एकच बलवान झालं तर माणूस बिघडतो, असं त्याचं म्हणणं. त्याचा शिष्य ॲरिस्टॉटल याने इ.स.पू. ३३५च्या सुमारास अथेन्समध्ये लायसियम येथे शाळा काढली. तिथल्या फिरण्याच्या मार्गिकेवरून त्या संप्रदायाला ‘पेरिपॅटेटिक’ असं नाव पडलं. गुरुशिष्य चालत चालत चर्चा करत, अशी कथा त्याला जोडली गेली. कथा खरी की नंतर रचलेली यावर विद्वान वाद घालतात, पण विचार आणि चाल यांची जोडी लोकांना पटत होती, म्हणूनच ती टिकली.

रोममध्ये सिसेरोने इ.स.पू. ४४मध्ये म्हातारपणावर एक छोटा ग्रंथ लिहिला. तो स्वतः तेव्हा साठी ओलांडलेला होता. त्यातला वृद्ध केटो म्हणतो, की स्मरणशक्ती वापरली नाही तर जाते. दिवसभरात काय बोललो, ऐकलं, केलं ते तो रोज रात्री आठवून पाहतो. बेताचा व्यायाम हवा हेही तो सांगतो. पण एक लक्षात घ्या, की त्याच्या लेखी स्मृतीचं औषध म्हणजे स्मृतीचाच सराव. पाय आणि आठवण यांची गाठ त्याने बांधलेली नाही.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत व्यायामाचं प्रकरण आहे. त्यात एक फार शहाणी गोष्ट सांगितली आहे ती म्हणजे अर्ध्या शक्तीची मर्यादा. आपल्या बळाच्या निम्म्यापर्यंत व्यायाम करावा, दमछाक होऊन कोसळेपर्यंत नव्हे. आणि तो करताना वय, बळ, देश, काळ, आहार पाहावा. आज व्यायामशाळांच्या जाहिराती पाहिल्या की हे वाक्य कोणीतरी दारावर लावावं असं वाटतं.

तर प्राचीन माणसाला शरीर आणि मन वेगळे वाटत असले तरी ते शेजारी होते. त्यांच्यामध्ये पक्की भिंत आली ती सतराव्या शतकात, आणि ती बांधणाऱ्यांत प्रमुख नाव देकार्तचं. १६४१च्या त्याच्या चिंतनग्रंथात मन म्हणजे विचार करणारं द्रव्य आणि शरीर म्हणजे जागा व्यापणारं द्रव्य. दोघांचा स्वभावच निराळा. मग हे दोघे एकमेकांवर परिणाम कसा करतात?

हा प्रश्न त्याला नेमका विचारला तो एका २४ वर्षांच्या मुलीने. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ. राज्य गेलेलं, कुटुंबासह हॉलंडमध्ये आश्रयाला. तिने १६४३मध्ये देकार्तला पत्र लिहिलं, की जे जागाच व्यापत नाही ते मन शरीराला ढकलतं कसं? आणि पुढच्या पत्रात त्याहून अवघड मुद्दा मांडला. नीट विचार करण्याची सवय आणि शक्ती असलेला माणूससुद्धा शरीरातल्या बिघाडाने ती सगळी गमावून बसतो, मग मन शरीरापासून स्वतंत्र कसं म्हणायचं? श्रोतेहो, ज्यांच्या घरात स्मृतिभ्रंशाचा माणूस आहे त्यांनी हा प्रश्न मनातल्या मनात शंभर वेळा विचारलेला असेल. हे काल गणित शिकवत होते, आज नातवाचं नाव आठवत नाही. मग ते ‘ते’ कुठे गेले? देकार्तने उत्तरं दिली, मेंदूतल्या एका लहानशा ग्रंथीकडे बोट दाखवलं, पण एलिझाबेथचं समाधान झालं नाही. माझंही झालेलं नाही.

भिंतीचा परिणाम असा झाला, की व्यायाम हा स्नायूंचा विषय ठरला आणि बुद्धी ही ग्रंथांची. शाळेत पी.टी.चा तास आणि गणिताचा तास यांचा एकमेकांशी संबंध नाही, असं आपण सगळे मानून शिकलो. पी.टी.चा तास रद्द करून गणिताचा जादा तास घेणारे शिक्षक आपल्याला ठाऊक आहेतच.

आता विसाव्या शतकात येऊ. सांतियागो रामोन इ काहाल हा स्पॅनिश शास्त्रज्ञ. मेंदू सुट्या पेशींचा बनलेला आहे, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, हाताने चित्रं काढून त्याने दाखवलं. १९०६चं नोबेल पारितोषिक त्याला आणि इटलीच्या गोल्जीला विभागून मिळालं. याच काहालने १९१३-१४मध्ये मज्जासंस्थेच्या ऱ्हासावर आणि पुनर्निर्मितीवर मोठा ग्रंथ लिहिला. प्रौढ मेंदूतले मार्ग पक्के झालेले असतात, तिथे पेशी मरू शकतात पण नव्याने जन्मत नाहीत, असा त्यातला निष्कर्ष. हा कठोर निकाल बदलता आला तर भविष्यातल्या विज्ञानाने बदलावा, असंही त्याने पुढे लिहिलं होतं. पण गुरूच्या म्हणण्यातला पहिला भाग शिष्य पाठ करतात आणि दुसरा विसरतात. निष्कर्षाचा सिद्धांत झाला, सिद्धांताचं शास्त्रवचन झालं. पुढची पन्नास वर्षं वैद्यकाच्या विद्यार्थ्याला शिकवलं गेलं, की जन्माला येताना जेवढ्या मज्जापेशी मिळाल्या तेवढ्याच, त्यानंतर फक्त खर्च. म्हणजे ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आता प्रयोगशाळेचा कोट घालून आली.

हे शास्त्रवचन पहिल्यांदा हललं १९६२मध्ये. बुडापेस्टमध्ये जन्मलेला जोसेफ ऑल्टमन अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये काम करत होता. पेशी दुभंगून नवी पेशी तयार होताना डी.एन.ए.साठी थायमिडीन नावाचा पदार्थ लागतो. त्याला किरणोत्सर्गी खूण लावून ते उंदरांना टोचलं, तर नव्या जन्मलेल्या पेशीत ती खूण सापडेल. ऑल्टमनला ती प्रौढ प्राण्यांच्या मेंदूत सापडली. १९६५च्या त्याच्या गाजायला हव्या होत्या अशा शोधनिबंधावर सहलेखक म्हणून गोपाल दास हे नाव आहे. निबंध चांगल्या नियतकालिकात छापला गेला. कोणी त्याला खोटं ठरवलं नाही. फक्त कोणी लक्ष दिलं नाही. ऑल्टमन दुसऱ्या विद्यापीठात गेला आणि विषय जवळजवळ विसरला गेला. तत्त्वज्ञानाच्या वर्गात मी नेहमी सांगत असे, की विज्ञानात चुकीचं ठरण्यापेक्षा दुर्लक्षित राहणं अधिक सोपं असतं.

ऑल्टमनला ज्या भागात नव्या पेशी दिसल्या त्यांत एक होता हिपोकॅम्पस. कानाच्या आतल्या बाजूला, मेंदूच्या दोन्ही अंगांना असलेला, आकाराने सागरी घोड्यासारखा वाकडा भाग. त्याचं काम काय हे कळलं होतं ते एका दुर्दैवी माणसामुळे. हेन्री मोलेसन या अमेरिकन तरुणाला फेफऱ्याचे झटके येत. १९५३मध्ये शस्त्रक्रियेत त्याच्या दोन्ही बाजूंच्या हिपोकॅम्पसचा मोठा भाग काढून टाकला. झटके कमी झाले, पण त्यानंतर त्याला नवी आठवण साठवताच येईना. दहा मिनिटांपूर्वी भेटलेला माणूस त्याला नवा. ब्रेंडा मिलनर यांनी त्याचा अभ्यास केला आणि १९५७मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्या मिलनरबाईंना आणखी एक आढळलं. आरशात पाहून चित्राची रेघ गिरवण्याचं कसब तो रोजच्या सरावाने शिकत होता. काल हे केलं होतं हे त्याला आठवत नसे, पण हाताला आठवत होतं. स्मृती एका कप्प्यात नसते, हे यातून कळलं.

त्याच काळात दुसरीकडे उंदरांचंच काम चाललं होतं. डोनाल्ड हेब या कॅनेडियन मानसशास्त्रज्ञाने काही उंदीर घरी नेऊन मोकळे वाढवले होते. प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यातल्या उंदरांपेक्षा ते शिकण्यात सरस निघाले. मग बर्कली इथे मार्क रोझेनझ्वाइग, मेरियन डायमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात पद्धतशीर प्रयोग केले. काही उंदरांना मोठा पिंजरा, सोबती, चढायला शिड्या, खेळायला वस्तू. काहींना एकट्याचा रिकामा पिंजरा. पहिल्या गटातल्या उंदरांच्या मेंदूची बाह्यक जाड झालेली मोजता आली. पुढे डायमंडबाईंनी म्हाताऱ्या उंदरांतही हा बदल दाखवला. पण या पिंजऱ्यात सगळंच होतं. सोबत, नावीन्य, खेळ, हालचाल. मग काम केलं कोणी?

ते वेगळं काढायला १९९०चं दशक उजाडावं लागलं. १९९५मध्ये कॅलिफोर्नियात कार्ल कॉटमन यांच्या गटाने दाखवलं, की चाकात धावणाऱ्या उंदरांच्या मेंदूत, हिपोकॅम्पसमध्येही, बी.डी.एन.एफ. नावाचं प्रथिन वाढतं. हे प्रथिन मज्जापेशींना जगायला आणि जोडण्या करायला मदत करतं. झाडाला खत म्हणा. धावतात पाय आणि खत पडतं डोक्यात, हे तोवर कोणाला अपेक्षित नव्हतं. १९९८मध्ये स्वीडनचे पेटर एरिक्सन आणि अमेरिकेतले फ्रेड गेज यांनी माणसात नव्या पेशींचा पुरावा दिला. कर्करोगाच्या काही रुग्णांना उपचारादरम्यान पेशींवर खूण करणारा एक पदार्थ टोचला होता. मृत्यूनंतर त्यांनी मेंदू अभ्यासाला दिले होते. त्यांच्या हिपोकॅम्पसमध्ये खूण असलेल्या नव्या मज्जापेशी सापडल्या. शेवटच्या आजारातल्या माणसांनी दिलेलं हे दान आहे, ते आपण विसरू नये. १९९९मध्ये हेन्रिएट व्हॅन प्राग आणि गेज यांच्या गटाने दाखवलं, की चाक मिळालेल्या उंदरांत जगून वाचलेल्या नव्या पेशी जवळजवळ दुप्पट असतात. आणि २००५मध्ये त्यांनी म्हातारपणीच चाक मिळालेल्या उंदरांतही शिकण्यात सुधारणा दाखवली. उशीर झाला तरी फार उशीर झाला नव्हता.

आता उंदीर सोडून माणसांकडे येऊ, आणि त्यासाठी लंडनच्या बसमध्ये चढू. मुंबईत राहिलेल्यांना बेस्टची डबलडेकर आठवत असेल. ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर तिकिटांचा पंच वाजवत वर-खाली करणारा. लंडनमध्येही तेच. जेरी मॉरिस या डॉक्टरने तिथल्या हजारो ड्रायव्हर-कंडक्टरांच्या आजारपणाच्या नोंदी तपासल्या. १९५३मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचा निबंध आला, की कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी होतो आणि झाला तरी तो सौम्य असतो. टपालवाटप करणारे आणि टेबलावर बसणारे यांच्यातही तोच फरक. यात मेंदूचं नाव नव्हतं. पण शरीराची हालचाल ही रोगाच्या बाबतीत मोजण्याजोगी गोष्ट आहे, हे इथे प्रथम ठसलं. मॉरिस स्वतः ९९ वर्षं जगले.

मेंदूकडे हा धागा वळवला तो टेक्ससमधल्या वानीन स्पिर्डुसो यांनी. १९७५मध्ये त्यांनी दाखवलं, की रॅकेटचे खेळ वर्षानुवर्षं खेळणारे वयस्कर लोक खूण दिसताच प्रतिसाद देण्यात न खेळणाऱ्या तरुणांच्या जवळपास असतात. १९८४मध्ये रॉबर्ट डस्टमन यांनी बैठं आयुष्य असलेल्या ५५ ते ७० वयाच्या लोकांना चार महिने वेगाने चालायला लावून चाचण्या घेतल्या आणि सुधारणा पाहिली. १९९९मध्ये आर्थर क्रेमर यांच्या गटाने ६० ते ७५ वयाच्या १२४ बैठ्या लोकांचे दोन भाग केले. एक गट सहा महिने चालला, दुसऱ्याने ताणण्याचे हलके व्यायाम केले. चालणाऱ्यांची लक्ष एकीकडून दुसरीकडे वळवण्याची आणि नको ते बाजूला सारण्याची क्षमता सुधारली. आणि २०११मध्ये कर्क एरिक्सन यांचा निबंध आला तो वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतला. १२० वयस्कर माणसं, एक वर्ष, आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं चालणं. चालणाऱ्यांचा हिपोकॅम्पस सुमारे २ टक्के वाढला, दुसऱ्या गटाचा सुमारे १.४ टक्के घटला.

मथळे आले, ‘चाला आणि स्मृती वाचवा’. पण त्याच निबंधात एक साधी गोष्ट होती, ती मथळ्यात आली नाही. स्मरणाच्या चाचणीत दोन्ही गट सुधारले होते. गटागटांत फरक नव्हता. मेंदूचा भाग वाढला म्हणजे आठवण वाढलीच, असं सरळ गणित नाही.

इथे मला माझ्या विषयाकडे यावं लागतं. आपल्या न्यायदर्शनात कारण कशाला म्हणावं याची फार बारीक चर्चा आहे. घट तयार होण्याआधी कुंभार असतो, माती असते, चाक असतं. माती वाहून आणणारं गाढवही असतं. मग गाढव घटाचं कारण का? नैयायिक म्हणतात, नाही. ते सोबत असलं तरी त्याच्यावाचून काम भागलं असतं. त्याला ते ‘अन्यथासिद्ध’ म्हणतात. आता विचार करा. म्हातारपणी जे लोक रोज चालतात त्यांना स्मृतिभ्रंश कमी होतो, असं अनेक पाहण्यांत दिसलं. होनोलुलूमध्ये वृद्ध पुरुषांच्या अभ्यासात, २००४मध्ये, दिवसाला पाव मैलाहून कमी चालणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण दोन मैलांहून अधिक चालणाऱ्यांच्या १.८ पट निघालं. पण चालणं हे इथे माती आहे की गाढव? जो चालतो तो बहुधा शिकलेला, बऱ्या घरातला, रक्तदाब तपासून घेणारा असतो.

आणि त्याहून अवघड शंका अशी, की आपण कार्यालाच कारण समजतो आहोत का? लंडनच्या सरकारी नोकरांचा एक प्रदीर्घ अभ्यास आहे, १९८५पासून चाललेला, दहा हजारांवर माणसांचा. सेव्हरीन साबिया आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये त्यातली २८ वर्षांची माहिती तपासली. स्मृतिभ्रंशाचं निदान होण्याच्या नऊ वर्षं आधीपासूनच त्या माणसांची हालचाल कमी होत गेलेली दिसली. म्हणजे चालणं सुटलं म्हणून आजार आला असं नाही, तर आजार आत शिरला होता म्हणून चालणं सुटत गेलं असंही असू शकतं. अमेरिकेत ७० ते ८९ वयाच्या १,६३५ लोकांवर दोन वर्षांचा मोठा प्रयोग झाला. २०१५मध्ये निकाल आला, की व्यायामाच्या गटात आणि आरोग्यशिक्षणाच्या गटात बुद्धीच्या चाचण्यांत एकंदर फरक नाही. इंग्लंडमध्ये स्मृतिभ्रंश जडलेल्या ४९४ लोकांवर चार महिन्यांचा व्यायामाचा प्रयोग झाला, निकाल २०१८चा. अंगात ताकद आली, पण बुद्धीची घसरण थांबली नाही. आणि ज्या नव्या पेशींवर हे सगळं उभं राहिलं, त्यांबद्दलही २०१८मध्ये जेमतेम महिन्याच्या अंतराने दोन निबंध आले. एक म्हणतो प्रौढ माणसात त्या सापडतच नाहीत, दुसरा म्हणतो म्हातारपणीसुद्धा सापडतात. वाद अजून मिटलेला नाही.

मग काय, सगळं वाया? नाही. इतिहासाने आपल्याला एका टोकाचा धडा दिला आहे, ‘मेलेलं उगवत नाही’. आता दुसऱ्या टोकाचा पोपट पाळायचा नाही, ‘चालाल तर विसरणार नाही’. मधलं जे उरतं ते पुरेसं भक्कम आहे. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण विसाव्यातसुद्धा प्राणवायूचा सुमारे पाचवा हिस्सा तो घेतो. त्याला रक्त पोचवणाऱ्या नळ्या बिघडल्या तर तो बिघडणार, आणि रक्तदाब, मधुमेह, स्थूलता यांवर हालचालीचा परिणाम होतो यात वाद नाही. अमेरिकेच्या त्याच मोठ्या प्रयोगात, बुद्धीच्या चाचण्यांत फरक पडला नाही तरी, व्यायाम करणाऱ्यांत चालता न येण्याचं प्रमाण कमी झालं होतं. स्वतःच्या पायाने स्वच्छतागृहापर्यंत जाता येणं याची किंमत इथल्या श्रोत्यांना मी सांगायला नको. फिनलंडमध्ये व्यायाम, आहार, बुद्धीचे खेळ आणि रक्तदाबावर लक्ष अशी सगळी मोट एकत्र बांधून १,२६० लोकांवर दोन वर्षांचा प्रयोग झाला. २०१५मधल्या त्याच्या निकालात फायदा दिसला. बेताचा, पण दिसला. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४मध्ये बदलता येण्याजोगे १४ धोके मोजले. ते सगळे टाळता आले तर स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के प्रसंग टाळता किंवा लांबवता येतील, असा त्यांचा अंदाज. त्यात हालचालीचा अभाव आहेच, पण त्याचा वाटा सुमारे २ टक्के. ऐकू कमी येणं, शिक्षण न मिळणं, एकटेपणा, दूषित हवा, हेही त्याच यादीत आहेत.

मघाशी एक चिठ्ठी आली आहे. ‘गुडघे गेलेत, चालवत नाही, आम्ही काय करावं?’ याचं उत्तर तुमच्या डॉक्टरांनी द्यायचं. पण हालचाल म्हणजे फक्त चालणं नव्हे. खुर्चीवर बसून करण्याचे व्यायाम आहेत, हलकी वजनं आहेत, पाण्यातले व्यायाम आहेत. न्यूयॉर्कमध्ये ७५ वर्षांवरच्या लोकांचा एक अभ्यास जो व्हर्गीस यांनी २००३मध्ये प्रसिद्ध केला. त्यात वाचन, पटावरचे खेळ आणि वाद्य वाजवणं यांचा संबंध कमी स्मृतिभ्रंशाशी दिसला. शारीरिक गोष्टींत मात्र एकच टिकली, ती म्हणजे नाच. नाचात पाय, ताल, आठवण आणि माणसं सगळं एकत्र येतं. इथेही माती आणि गाढव वेगळं करता येत नाही, पण भजनाच्या दिंडीत पावली खेळणाऱ्या आजीबाईंना कोणी ‘पडशील, बस खाली’ म्हणू नये, एवढं तरी मी यावरून घेतो.

आणि हाच मुद्दा मला शेवटी बोलायचा आहे. आपल्या घरांत म्हाताऱ्या माणसाविषयी आदर दाखवायचा म्हणजे त्याला बसवायचं. ‘आई, तू आता काही करू नकोस.’ ‘बाबा, पिशवी द्या इकडे.’ सून भाजी निवडायला देत नाही, मुलगा बँकेत जाऊ देत नाही, शेजारी जिना चढू देत नाही. सगळं प्रेमापोटी. चाळीस वर्षं विहिरीवरून पाणी भरलेल्या, जात्यावर दळलेल्या, शेतात राबलेल्या बाईला आपण साठीनंतर पलंग आणि टीव्ही देतो आणि म्हणतो, आता सुखात राहा. बर्कलीच्या रिकाम्या पिंजऱ्यात फक्त टीव्ही नव्हता. मी म्हणत नाही की तिला पुन्हा घागर द्या. तिला काय जमतं ते तिला ठरवू द्या. आणि नगरपालिकेला विचारा, की ७५ वर्षांच्या माणसाने न पडता चालावं असा फुटपाथ आपल्या गावात किती लांबीचा आहे? ‘रोज चाला’ हा उपदेश फुकट आहे, फुटपाथला पैसे पडतात.

याची दुसरी बाजू त्याहून गंभीर आहे. माझे एक सहकारी होते, गणिताचे. तीस वर्षं रोज पहाटे टेकडी चढले, एक दिवस चुकवला नाही. बुद्धिबळ खेळत, बासरी वाजवत. सत्तरीत त्यांना अल्झायमर झाला. शेवटी शेवटी ते बायकोला ओळखत नव्हते. त्यांच्या पत्नीने मला विचारलं, ‘यांचं कुठे चुकलं?’ मी त्यांना म्हणालो, कुठेच चुकलं नाही. भारतात साठीच्या पुढच्या लोकांत सुमारे ७.४ टक्के स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत, म्हणजे ८८ लाख माणसं, असा २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीचा अंदाज आहे. ही ८८ लाख माणसं काही आळशी म्हणून आजारी पडलेली नाहीत. धोका कमी करता येतो, याचा अर्थ ज्याला आजार झाला त्याने पाप केलं असा होत नाही. पूर्वी आपण कर्मविपाक म्हणत होतो, आता जीवनशैली म्हणतो. ठपका मात्र तोच आणि तो रुग्णाच्याच माथी. ज्या बाईने नवऱ्याला सहा वर्षं भरवलं, आंघोळ घातली, तिच्यापुढे जाऊन ‘ते व्यायाम करत नव्हते का हो?’ असं विचारू नका.

प्लेटोपासून फिनलंडपर्यंत जो प्रवास झाला त्यातून मला एवढं कळलं. शरीर हे बुद्धीचं ओझं वाहणारं गाढव नाही. बुद्धी त्याच्या आत, त्याच्याबरोबर चालते. म्हणून जमेल तोवर हलत राहावं, सुश्रुताच्या अर्ध्या शक्तीने, आणि शक्यतो कोणाच्या तरी सोबतीने. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम हालचाल सांगते. ज्यांना तेवढं जमत नाही त्यांच्यासाठी थोडंसुद्धा काहीच न करण्यापेक्षा बरं, हेही सांगते. आणि एवढं करूनही ज्याची आठवण गेली, त्याचा हात धरून आपण चालावं. त्याला आपलं नाव आठवत नसेल, पण मोलेसनच्या हाताला जसं कसब आठवत होतं, तसं त्याच्या हाताला आपला हात कदाचित ओळखीचा वाटेल.

दीड तास तुम्ही एका जागी बसलात. विषयाच्या मानाने हे बरं नाही. तेव्हा प्रश्नोत्तरं आधी उभं राहून, हातपाय मोकळे करून मग घेऊ.